बाराव्या मिनिटाला उठलेली बाई

बाराव्या मिनिटाला पुढच्या सतरंजीवरची म्हातारी उठली. तिनं पदर तोंडाला लावला, बसलेल्या बायांमधून वाट काढली आणि मळवलीच्या त्या फार्महाउसच्या हॉलमधून सरळ बाहेर पडली.

मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली माधवी दाराकडं बघत राहिली.

समोरच्या पडद्यावर तिच्याच मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, चालू होता. 'वळणापाशी घर' तिनं एकोणीस वर्षांपूर्वी लिहिली, तेव्हा साडेआठ वाजले की लोक फोनसुद्धा उचलत नसत. आता वाहिनी तीच मालिका नव्या नटसंचात परत आणणार होती. पण तयार झाला होता एकच भाग. तो चार ठिकाणी बायकांना दाखवायचा, आवडला तरच पुढचं काम. तीन ठिकाणी बायका जांभया देत बसल्या होत्या. मळवली शेवटचं ठिकाण. गेल्या सहा वर्षांत माधवीनं दुसरं काही लिहिलं नव्हतं. वाहिन्यांनी विचारणंच बंद केलं होतं.

वाहिनीचा अतुल शेजारीच होता. त्यानं टॅबवर काहीतरी टिपलं.

"बाजाराचा सीन," तो हळूच म्हणाला. "मी म्हणालो होतो, मॅडम."

"एकच बाई उठली, अतुल."

"पहिल्या भागातून उठलेली बाई दुसऱ्या भागाला येत नाही."

पडद्यावर नायिका आठवडी बाजारात हरवलेल्या मुलीला हाका मारत फिरत होती. जुन्या मालिकेतही हाच प्रसंग होता. तेव्हा लोक रडले होते. माधवी आणखी मिनिटभर थांबली आणि चपला पायांत सरकवून बाहेर आली.

फाटकापाशी बंगल्याची देखभाल करणारा हौशीराम खुर्ची टाकून बसला होता. बाया गोळा करण्याचं काम त्यानंच केलं होतं.

"आत्ता कोण गेलं, भाऊ?"

"भागूबाई. लोहगडवाडीची. गडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरीचं दुकान हाय तिचं." तो जरा घुटमळला. "ती कुनाच्यात टीव्ही बघाया बसत न्हाई. मीच बळंबळं आनली. लेक गेली तिची, नऊ-दहा वर्सं झाली. तवापासनं माणसांत नसतीच."

माधवीला एकदम सगळं लख्ख कळलं, आणि कळल्यावर जास्तच धास्ती वाटली. मुलगी हरवण्याचा प्रसंग, आणि समोर मुलगी गेलेली आई. अशा आया गावोगाव असणार. पुढच्या मिनिटाला त्या चॅनेल बदलणार.

"कुठं गेल्या त्या?"

"ठेसनाकडं गेली. गाव तर हिकडं हाय तिचं."

स्टेशन पाच मिनिटांवर होतं. दुपारच्या वेळी फलाटावर शुकशुकाट होता. भागूबाई सिमेंटच्या बाकावर ताठ बसली होती. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

"मावशी, कुठं निघालात?"

"ठरलं न्हाई अजून."

माधवी तिच्या शेजारी बसली. "ती मालिका मी लिहिलीय. तुम्ही मधूनच उठलात, म्हणून विचारायला आले. रागावले नाही मी."

भागूबाईनं तिच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. "तुमी लिवलंय? मग तुमाला ठावं आसंल. त्यो बाजार कुटला?"

"बार्शीचा."

"खरा का, केलेला?"

"खरा. कॅमेरा टेम्पोत लपवला होता. आमची नटी तेवढी गर्दीत सोडली. बाकी जी माणसं आली होती, तीच दिसतात."

"कवाचं हाय ते?"

"मागच्या महिन्यातलं."

"मागच्या महिन्यातलं," भागूबाई पुटपुटली.

माधवीनं मनाचा हिय्या केला. "खरं सांगा, मावशी. त्या बाजारामुळंच उठलात ना?"

"व्हय. बघवंना मला."

निकाल लागला होता. माधवीनं तिथंच पुण्याला फोन लावला. प्रेरणा तिची एडिटर होती.

"प्रेरणा, बाजाराचा सीन काढ. सगळाच. अतुल सांगायच्या आत आपणच काढलेला बरा."

"ताई, तो सगळ्यात चांगला सीन आहे. गर्दीतले चेहरे बघा ना जरा."

"बघवत नाहीय लोकांना. काढ तू."

तिनं फोन ठेवला. जुन्या मालिकेतला तिचा सर्वांत लाडका प्रसंग तिनं स्वतःच्या तोंडानं उडवला होता.

भागूबाईनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला चांगलाच जोर होता.

"काय काढाया सांगितलं तुमी?"

"तो बाजार. आता नाही दिसणार कुणाला. तुमच्या लेकीचं मला माहीत नव्हतं, मावशी. चुकलं माझं."

"काढू नगा."

"पण तुम्हीच म्हणालात, बघवत नाही."

"काढू नगा, ताई. पोलिसास्नी दावाया लागंल." भागूबाईचा आवाज अगदी खाली गेला. "तितं केळीच्या गाडीम्होरं हिरव्या साडीतली बाई हाय. पोर हाय कडंवर. ती माजी निर्मला. धरनात मढं गावलं, त्याला तोंड ऱ्हायलं नव्हतं. साडीवरनं मी म्हनलं, ही माजीच. तिला मारली म्हनून जावई नऊ वर्सं तुरुंगात हाय. साक्ष मीच दिलती."