तातडीचं बटण

पाण्याचा टँकर मागवायचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत सावनी काम करायची. कुठलं काम आधी हाती घ्यायचं, ते त्यातून किती कमाई होईल यावर ठरायचं. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी होतं आणि सिडकोत प्रसूतिगृह चालवणाऱ्या तिच्या आत्याचा रोज फोन यायचा.

"सावनी, बाळंतिणींना अंघोळीला पाणी नाही गं. आम्हाला आधी टँकर मिळेल असं काहीतरी कर."

सावनी प्रत्येक बैठकीत 'तातडीचं बटण' मांडायची; ते दाबलं की टँकर आधी त्या गिऱ्हाईकाकडे जाणार. तिचे वरिष्ठ विश्वजित सर ते दरवेळी मागं ढकलायचे. "दवाखाने जास्तीचे पैसे देणार आहेत का?"

शेवटी रडकुंडीला येऊन ती म्हणाली, "सर, हॉटेलवालेही वापरतील की! ते दुप्पट भाव देतील."

ते काम त्याच दिवशी सगळ्यात वर गेलं. पंधरवड्यात बटण सुरू झालं आणि सकाळीच आत्याचा फोन आला.



"सावनी, आमच्या दारात आलेला टँकर परत वळवला गं. ड्रायव्हर म्हणतो, हॉटेलच्या स्विमिंग पूलची तातडी हाय."