बंद पडणारा माइक

ब्रसेल्सच्या संसदेत पुरावा नसलेलं वाक्य बोललं की माइक आपोआप बंद पडायचा. मंत्र्यांना त्याची सवय झाली होती. विद्यापीठातल्या संशोधक शाल्मली केळुसकरांना नव्हती.

शाळा-पाळणाघरांत त्यांची पाण्याची गाळणी बसवण्याचा कायदा आज व्हायचा होता. "हे पाणी तान्ह्या बाळांनाही सुरक्षित आहे," त्या म्हणाल्या आणि माइक बंद पडला.

गाळणी बनवणाऱ्या कंपनीचे मालक यान शेजारून कुजबुजले, "नुसतं 'मुलांना' म्हणा, डॉक्टर. चालून जाईल."

शाल्मलीबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा माइककडे वळल्या. "बाळांचा अभ्यास आम्ही केलेलाच नाही. आम्हाला माहीत नाही."

माइक पुन्हा सुरू झाला होता; हे वाक्य मात्र शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू गेलं.

कायद्याला कडाडून विरोध करणाऱ्या एक खासदार उठल्या. "माझा या बाईंवर विश्वास आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचा माइक चालूच राहिला.