छपरावरून पडणारा माणूस

“मेला का आजचा माणूस?” बायकोने दारातूनच विचारलं. तिच्या हातात बॅग होती.

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या धुळीत एक माणूस छपरावरून खाली कोसळला होता. बटण दाबून नवऱ्याने कॅसेट बाहेर काढली, खोक्यातली दुसरी उचलली आणि मशीनमध्ये सरकवली. पुन्हा घोडे, पुन्हा टापा. गेले पंधरा दिवस घरात हेच चाललं होतं.

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्याने घराच्या पुढच्याच खोलीत थाटलं होतं. गल्लीत त्याला ‘रेडिओ’ म्हणत. मुक्या पडलेल्या कुठल्याही यंत्राला बोलतं करणारा हा गृहस्थ स्वतः मात्र कायमचा बंद. लेक गेली तेव्हाही त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, की डोळ्यांतून टिपूस आलं नाही. एकुलती एक, चोवीस वर्षांची. कामावरून येताना तिच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. ओळख पटवायला, पोलिसांचे कागद पुरे करायला तोच गेला होता. घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाला, “जागच्या जागी गेली. काही कळलंसुद्धा नाही तिला.” दोन महिने झाले, त्या एका वाक्याला धरून बायको दिवस ढकलत होती.

आणि मग हे खोकं आलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने बंद पडलेला व्हिडिओ प्लेअर आणून टाकला, सोबत एकोणीस कॅसेटी. म्हणाला, डोळे गेले आता, तुम्हालाच राहू दे. मशीन दुरुस्त झाल्यावर चालतंय का बघायला म्हणून त्याने एक लावून पाहिली. सगळे जुन्या जमान्यातले काउबॉय सिनेमे. जन्मात कधी थिएटरची पायरी न चढलेला माणूस, पण आठवड्याभरात त्याला सगळे हिरो तोंडपाठ झाले. पांढऱ्या हॅटवाला, गिटार घेऊन गाणारा, शीळ घालून घोड्याला बोलावणारा. कुणाचा घोडा कोणता, तेही. गिऱ्हाइकांची कामं टेबलावर धूळ खात पडली. बायकोला आधी वाटलं, याला वेड लागलं. मग वाटलं, वेड परवडलं, याला काही वाटतच नाही.

“मी ताईकडे चाललेय,” ती म्हणाली. “परत कधी येणार ते विचारू नका. पोटची पोर गेली आणि तुम्हाला माणसं मरताना बघवतात. मन आहे का दगड?”

“त्याला बघ,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“तो, काउंटरच्या मागे. मिशीवाला.”

बघायचं नव्हतं, तरी तिने बघितलं. एक किडकिडीत माणूस पेले पुसत होता आणि कुणाशी तरी हसत होता. मघाशी छपरावरून पडलेला तोच.

“हा तर मेला ना आत्ता?”

“त्यात मेला. ह्यात आहे.” त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. “हिरो नाही तो. कॅसेटवर नावपण नाही त्याचं. प्रत्येक सिनेमात मरतो. तो पडला की मी लगेच पुढची लावतो. पुढच्यात असतो परत, चांगला हसता-बोलता.”

“आणि सिनेमाचा शेवट?”

“एकाचाही बघितला नाही.”

दोन महिन्यांत तो एवढं सलग बोलला नव्हता. बायकोने बॅग खाली ठेवली. आपण ज्याला दगड म्हणत होतो तो इथे बसून रोज एका मेलेल्या माणसाला उठवत होता, आणि आपण मात्र शेजारच्या खोलीत बसून त्याला शिव्या देत होतो. तिला स्वतःची लाज वाटली.

खोक्यातल्या कॅसेटी सगळ्या हाताळलेल्या होत्या. एक तेवढी कपाटावर वेगळी ठेवलेली तिला दिसली.

“ही का नाही लावली?”

“ती शेवटची. तिच्यानंतर पुढची नाहीये, त्यात मेला की मेलाच. म्हणून ती सोडून मी पुन्हा पहिलीपासून सुरू करतो.”

तिने हात वर करून ती कॅसेट काढली आणि स्वतःच मशीनमध्ये घातली. “लावू या,” ती म्हणाली. “मी आहे ना.” आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

या सिनेमात मिशीवाल्याची चंगळ होती. त्याला स्वतःचा घोडा होता, एक विनोदही त्याच्या वाट्याला आला होता. बायको चक्क हसली. मग बँक लुटून दरोडेखोर पळाले, मिशीवाला त्यांना अडवायला भर रस्त्यात धावला आणि गोळी लागून पडला. नवऱ्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. तिने तो धरला.

“राहू द्या. पुढे काय होतं ते बघू.”

पुढे हिरोची माणसं आली. एक घोडा मिशीवाल्याच्या डावीकडून गेला, एक उजवीकडून. पांढऱ्या हॅटवाल्याने वळूनही पाहिलं नाही. एक घोडागाडी आली, आतल्या बाईने खाली बघितलं आणि पडदा ओढून घेतला. गाडी निघून गेली. मिशीवाला धुळीत तसाच पडून होता.

नवऱ्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय हे तिला क्षणभर समजलंच नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिने त्याला रडताना पाहिलंच नव्हतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“अहो, सिनेमा आहे तो,” ती म्हणाली. “आता उचलतील त्याला कुणीतरी.”

“पाऊण तास,” तो म्हणाला. “पाऊण तास जिवंत होती आपली पोर रस्त्यात. पाणी मागत होती. कुणी थांबलं नाही.”