सहाव्या डब्याचं उत्तर

साठ वर्षं झाली. आमच्या छोट्या रेल्वेचे रूळ लष्करी तळाच्या फाटकापाशी संपत. तिथले रिकामे डबे ओढण्याआधी माझा नवरा व्हर्लिन प्रत्येक डब्यावर हातोडीचे घाईघाईचे दोन ठोके मारी. आत माल उतरवणारा कुणी राहिला असेल, तर तो उलट दोन ठोके देई, म्हणजे गाडी थांबे.

त्या दुपारी मी त्याचं जेवण घेऊन गेले होते. सहाव्या डब्यातून उत्तर आलं.

"एखादा शिपाई झोपला असेल," इंजिनातून चालक ड्युई ओरडला. "काढ त्याला, नाहीतर तुझा मक्याचा पाव मी संपवतो."

हातोडी माझ्याकडे देऊन व्हर्लिनने दार सरकवलं आणि तो आत चढला.

"नादीन, इथं कुणीच नाही गं."

मग बुटांचा आवाज थांबला. मी वाकून पाहिलं. चारही कोपरे रिकामे होते आणि पलीकडचं दार बाहेरून कुलूपबंद होतं.

मी हाका मारल्या. शेवटी हातोडीने सहाव्या डब्यावर दोन ठोके मारले.

सातव्या डब्यातून उत्तर आलं. मग आठव्यातून. मग गाडीच्या टोकापर्यंत प्रत्येक बंद डब्यातून, व्हर्लिनच्याच घाईघाईच्या दोन ठोक्यांनी.