तवर धरून ठेवा

गळक्या नळाचा वायसर बदलायला अजिनाथ बाथरूममध्ये शिरला आणि पान्ह्याच्या पहिल्याच हिसक्याला अख्खा नळ त्याच्या हातात आला. जामखेडला पाणी येतं आठव्या दिवशी, आणि टाकी कालच भरलेली. त्यानं पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि बायकोला हाक मारली, "अगं, गच्चीवरचा कॉक बंद कर!"

सत्यशीला वर जाऊन आली. "कॉक जाम झालाय, फिरतच न्हाई. प्लंबरला फोन केलाय, तवर धरून ठेवा," म्हणत तिनं बाथरूमच्या उंबऱ्यातच बसकण मारली आणि पोरीला नगरच्या कॉलेजात घालायचा विषय काढला.

हा विषय निघाला की अजिनाथ पायात चपला सरकवून स्टँडकडे निघायचा. आज कुठं जाणार? ती बोलत राहिली, तो भिंतीला डोकं टेकून ऐकत राहिला. अंगठा पार बधिर झाला.

"बरं बाई, घाल तिला कॉलेजात," शेवटी तो म्हणाला. "पन त्या प्लंबरला परत फोन लाव."



सत्यशीला पदर झटकत उठली. "काढा आता अंगठा. मगाशी वर गेले तवाच कॉक बंद केलाय मी."