बापाची गाडी

"आई, बघ काय वाट लावलीस गाडीची!" दिगंबरनं उन्हात मोटरसायकलची टाकी दाखवली. काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे चमकत होते.

अनसूयाबाईंचा पारा चढला. मालक वारल्यापासून रोज सकाळी देवातली भांडी घासून झाली की त्याच गोल हातानं, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं त्या त्यांची गाडी पुसत. "माझ्या हातानं देव लखलखतात, आणि गाडी तेवढी खराब होते होय रे?"

"कोरड्या फडक्याखाली धूळ घासली जाते, काकू," दिगंबरनं बोलावलेला पॉलिशवाला म्हणाला. "आधी पाण्यानं धुवायची." दुपारभर मशीन फिरवून त्यानं ओरखडे काढले. टाकीवर दारचा आंबा आरशासारखा दिसू लागला. "आता तू हात लावायचा नाहीस," दिगंबरनं बजावलं. बाई रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी घाईत निघालेल्या दिगंबरनं टाकीवरची धूळ पाहिली आणि खिशातला रुमाल काढला. तो टेकायच्या आत अनसूयाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"कोरडा रुमाल? मुडद्या, बापाची गाडी आहे ती!" बाईंच्या दुसऱ्या हातात पाण्याची बादली होती. "हो बाजूला!"