काजळी

वाळत घातलेल्या चादरींवर कारखान्याची काजळी बसली की काकू चिमणीकडे बघून म्हणायच्या, "हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

कारखाना खरंच बंद पडला. चादरी पांढऱ्याशुभ्र वाळू लागल्या आणि काकूंचा पाय घरात ठरेना. सारख्या गच्चीवर जायच्या, दोरीवरून बोट फिरवून बघायच्या.

आज बोट काळं झालं. काकू तशाच धावत खाली आल्या.

"अहो, कारखाना सुरू झाला वाटतं. डबा भरू ना?"

उभा जन्म बॉयलरवर घालवलेले काका कामाचा शर्ट चढवूनच गच्चीवर गेले. परत आले ते बटणं काढतच.

 

"शेजारच्या फिटरचं बिऱ्हाड निघालंय गाव सोडून. टेम्पोत मावलं नाही ते अंगणात जाळतायत."